‘मुळीच दुखत नाही!’

गेल्या ज्येष्ठ महिन्यात चार दिवस धाकट्या भावाकडे राहावयास गेले होते. त्याचे बिऱ्हाड भाईंदर पूर्वेस इंद्रलोक नावाच्या वसाहतीत आहे. नावावरून कोणी नंदनवनाची आणि कल्पवृक्षाची अपेक्षा करू नये. एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या उंच इमारती, त्यांच्या पायथ्याशी भाजीवाले आणि रिक्षा, आणि सकाळ झाली की स्थानकाकडे धावत सुटणारी माणसे, असा तो इंद्राचा दरबार आहे. या धावणाऱ्यांतच माझी भाची असते. वय चोवीस, नोकरी अंधेरीस, आणि जाण्यायेण्याचा वेळ सारा पश्चिम रेल्वेच्या गर्दीत जावयाचा. मुलगी मोठी गुणी, परंतु स्वभावाने मानी. पडली तरी ‘लागले नाही’ असे म्हणतच उठावयाचे, ही तिची लहानपणापासूनची रीत.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना माझ्या ध्यानात आले की, ही मान वळवीत नाही. कोणी हाक मारली तर सबंध अंगच वळविते. उकाड्याचे दिवस असूनही केस मोकळे सोडलेले, आणि ओढणी मानेला घासली की डोळे क्षणभर मिटतात. त्या वेळी मी काही बोलले नाही. निजानीज झाल्यावर ती खिडकीशी उभी होती, तेव्हा मागून जाऊन मी तिचे केस बाजूला केले. मानेच्या मागच्या बाजूस, केसांच्या रेषेखाली, दोन बारीक रुपेरी मणी चमकत होते. दोहोंमध्ये दीड बोटाचे अंतर, आणि त्यांना जोडणारी दांडी कातडीच्या खालून गेलेली. दांडीवरची कातडी तांबूस, ताणलेली आणि चकचकीत झाली होती. एका मण्याच्या कडेशी पिवळट खपली धरली होती.

“दुखते का गं?” मी विचारले.

“मुळीच नाही, आत्या,” ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिने माझा हात मानेवरून दूर केला.

प्रकरण चार महिन्यांपूर्वीचे होते. घरी कळले त्या दिवसापासून भावाने तीन दिवस अबोला धरला होता. वहिनी म्हणाली होती, “असले अंगाला भोसकून घेण्याचे प्रकार आपल्यात कधी कोणी केले नाहीत.” त्यावर मुलीने उत्तर दिले की, मला मुळीच दुखले नाही आणि पुढेही दुखणार नाही. झाले! एकदा तोंडातून गेलेल्या त्या शब्दाचा तिने चार महिने पहारा केला. घरात मानेला हात लावावयाचा नाही, कूस बदलताना कण्हावयाचे नाही, आणि दाराबाहेर पडल्यावर मात्र गाडीत कोणाच्या पिशवीचा पट्टा मानेवरून ओढला गेला की डोळ्यांत पाणी यावयाचे. हे सर्व मला नंतर कळले. त्या रात्री मला एवढेच दिसले की, पोरगी खोटे बोलत आहे. ते खोटे माझ्या चांगल्या ओळखीचे होते.

प्रथम वहिनीचे म्हणणे तपासून पाहू. ‘आपल्यात कोणी केले नाही’ हे कितपत खरे? कर्णवेध हा आपल्याकडे पुष्कळ ग्रंथकारांनी सोळा संस्कारांत गणलेला विधी आहे. तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन बसावयाचे, सोनाराने सोन्याची अणकुचीदार तार कानाच्या पाळीतून आरपार काढून तिलाच बाळीसारखा पीळ द्यावयाचा, आणि मूल किंचाळू लागले की सगळ्या बायकांनी ‘झालं, झालं’ म्हणून त्याला छातीशी धरावयाचे, हा देखावा कोणत्या घराने पाहिलेला नाही? पेशवाईतील प्रतिष्ठित पुरुष उजव्या कानाच्या वरच्या भागात मोत्यांची भिकबाळी घालीत, आणि हल्ली गणेशोत्सवातील ढोलपथकांत तीच पुनः दिसू लागली आहे. स्त्रियांचे तर विचारावयासच नको. कुडीसाठी एक छिद्र, बुगडीसाठी वर दुसरे, नथीसाठी नाकात तिसरे. माझ्या आजीच्या अंगावर अशी पाच छिद्रे होती. ती तिशीत विधवा झाली आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे सर्व दागिने एका दिवसात उतरले, पण छिद्रे काही कोणाला उतरविता आली नाहीत. लहानपणी मी तिच्या मांडीवर बसून त्या भोकांना बोट लावी आणि विचारी, “आजी, येथे काय होते?” ती म्हणे, “काही नाही गं. भोके आहेत.” तेव्हा शरीराला छेद देण्याची आपल्या घरांना सवय नाही, असे कोणी म्हणू नये. फरक इतकाच की, आपण ते तान्हेपणी, न विचारता करतो, आणि या मुलीने ते वयात आल्यावर, आपल्या पैशाने आणि आपल्या मर्जीने केले.

तथापि दोहोंत आणखी एक फरक आहे, आणि तो शरीराच्या दृष्टीने मोठा आहे. कानाची पाळी ही पातळ पडद्यासारखी आहे. तिच्या एका बाजूने गेलेली तार दुसऱ्या बाजूने मोकळी बाहेर पडते, तिच्यावर ताण येत नाही. काही आठवड्यांत त्या वाटेला आतून नव्या कातडीचे अस्तर लागते, आणि मग ती जखम न राहता शरीराचेच एक दार होऊन बसते. आजीची भोके म्हणूनच बुजली नाहीत. परंतु मानेची मागची बाजू, गळ्याखालचे हाड, कंबर अशा सपाट जागी जेव्हा दांडी घालतात तेव्हा ती आरपार जात नाही. कातडीत एका ठिकाणी शिरून थोड्या अंतरावर त्याच बाजूस पुनः वर येते. मान हालली, कपडा घासला, कूस बदलली की वरची कातडी त्या दांडीवर ताणली जाते. या कामातील जाणती माणसे अशा जागी दोन्ही टोकांशी काटकोनात वळविलेली, टायटॅनियमची दांडी वापरतात, म्हणजे दाब थोडा कमी होतो. तरीसुद्धा पुष्कळदा शरीर तिला परकी मानते. पायात मोडलेला काटा जसा शरीर हळूहळू वर ढकलीत आणते, तशीच ही दांडीही वर येऊ लागते. तिच्यावरची कातडी पातळ व लाल होते, छिद्रे रुंदावतात, आतील धातू झळकू लागतो. वेळेवर काढली तर बारीक व्रण राहतो. तशीच ठेवली तर ती स्वतःच कातडी फाडून बाहेर येते आणि कायमची चीर मागे ठेवते. माझ्या भाचीच्या मानेवर जे चालले होते ते हेच.

त्वचेखालून धातू ओवून घेण्याची ही कल्पना विलायतेहून आली असे तिच्या घरच्यांना वाटत होते. आमचे मूळ घर वाईचे. वाईजवळच्या बावधन गावी रंगपंचमीस भैरवनाथाच्या यात्रेत बगाड निघते. दगडी चाकांच्या प्रचंड गाड्यावर उंच शीड उभारलेले असते, नवस बोललेल्या माणसांतून होळीपौर्णिमेस कौल लावून निवडलेला बगाड्या त्याच्या टोकाशी बांधलेला असतो, आणि बैलांच्या कित्येक जोड्या तो गाडा कृष्णाकाठच्या सोनेश्वराहून गावाकडे ओढीत आणतात. मी लहानपणी जे पाहिले त्यात बगाड्या दोरांनी व कापडाने बांधलेला होता, आणि हल्लीही तसाच असतो. परंतु जुन्या काळी देशात अनेक ठिकाणी नवसकऱ्याच्या पाठीच्या कातडीत लोखंडी गळ अडकवून त्यांवर त्याला टांगीत असत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी सरकारने त्या प्रकारास बंदी घातली. पाठीच्या कातडीतून एकीकडे शिरून दुसरीकडे निघणारा गळ म्हणजे भाचीच्या मानेवरील दांडीचा थोरला भाऊच म्हणावयाचा. त्या प्रथेची मी तरफदारी करीत नाही, ती गेली हे उत्तम झाले. परंतु तिच्यात एक गोष्ट होती. ज्याच्या पाठीत गळ असे त्याच्या भोवती सबंध गाव असे. त्याला काय होत आहे हे सर्वांना ठाऊक असे, आणि गाडा गावात पोहोचला की ते संपत असे. माझी भाची मात्र रोज सकाळी एकटी गाडीत चढत होती, आणि तिचा गाडा कोठे थांबावयाचा हे तिला कोणी सांगितले नव्हते.

माझ्या ओळखीचे खोटे ते हेच. मी चौदा वर्षांची असता आजीच्या बुगड्या मला हव्या झाल्या. आई नको म्हणत होती. वरचा कान फार दुखतो, अजून लहान आहेस, असे तिचे म्हणणे. मी हट्टाने टोचून घेतले, आणि हट्टाने घेतले म्हणूनच आठव्या दिवशी कान ठणकू लागला तेव्हा गप्प बसले. पुढे काय झाले हे समजण्यास थोडे शारीरशास्त्र हवे. कानाच्या वरच्या भागात कूर्चा असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे सर्व पोषण वरच्या पातळ आवरणातून होते. छिद्रातून जंतू शिरून त्या आवरणाखाली पू धरला की कूर्चेचे अन्न तुटते आणि ती मरू लागते. पाळीचा दाह बहुधा धुण्यापुसण्याने व साध्या औषधाने आवरतो. कूर्चेच्या दाहाला थांबावयास वेळ नसतो, दोन दिवसांचा उशीरही महाग पडतो. मी पाच दिवस उशीर केला. वेणी कानावरून घेऊन शाळेत गेले आणि आईला सांगितले, ‘मुळीच दुखत नाही.’ शेवटी ताप भरला तेव्हा सर्व उघडकीस आले. आज माझ्या उजव्या कानाची वरची कड आक्रसलेली आहे. छायाचित्र काढताना मी डावी बाजू पुढे करते, हे माझ्या जवळच्या माणसांना ठाऊक आहे. कारण मात्र आज प्रथमच लिहीत आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय मुख्यतः कान टोचण्यावर व तुटलेले कान जोडण्यावर आहे, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचले, आणि वाचताना माझ्या त्या पाच दिवसांची मला लाज वाटली. मूल सहा-सात महिन्यांचे असता, शुक्लपक्षात, त्याला मांडीवर घेऊन खेळण्यांनी रमवावे. कान उन्हाच्या दिशेने धरून पाळीतील नैसर्गिक पातळ जागा पाहावी. पातळ पाळी सुईने आणि जाड पाळी आरेने टोचावी. मग कापसाची वात घालून तेल सोडावे, आणि दर तिसऱ्या दिवशी वात बदलून थोडी जाड घालावी, असा सर्व तपशील तेथे आहे. परंतु मला खिळवून ठेवले ते पुढच्या भागाने. रक्त फार आले आणि वेदना फार झाली तर जागा चुकली असे समजावे, काही उपद्रव झाला नाही तर जागा बरोबर साधली असे समजावे, असे ग्रंथकार सांगतो. कालिका, मर्मरिका आणि लोहितिका अशा तीन शिरा सांगून, त्या दुखावल्यास ताप, दाह, सूज, मान आखडणे असे काय काय होते याची यादी तो देतो. आणि असे झाले तर काय करावे? धीर धरावा, असे तो म्हणत नाही. सोसावे, असेही म्हणत नाही. वात तत्काळ काढून टाकावी, ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठा, जव आणि तीळ यांचा कल्क मध-तुपात कालवून लावावा, जखम पूर्ण भरू द्यावी, आणि नीट भरल्यावर पुनः टोचावे, एवढेच तो शांतपणे सांगतो. काढून टाकण्यात त्याला पराभव दिसत नाही. वेदना ही त्याच्या लेखी साक्षीदार आहे. वैद्याने तिची साक्ष घ्यावयाची, आणि ज्याला दुखते त्याने ती द्यावयाची.

मला या महिन्यात सांगावयाचे आहे ते एवढेच. वेदना दोन प्रकारच्या आहेत. एक सोसावयाची आणि एक ऐकावयाची. आपल्या घरांतून मुलांना आपण पहिली उत्तम शिकवितो, दुसरी कोणी शिकवीत नाही.

सोसावयाची वेदना कोणती? सुई शिरतानाची कळ ही काही क्षणांची असते. त्यानंतर दोन-चार दिवस जागा हुळहुळते, जळजळते, थोडी सुजते, पांढुरके पाणी येऊन त्याची खपली होते. दिवसागणिक हे कमी होत जाते. एवढी वेदना सोसण्यात काही धोका नाही, आणि ती सोपी करण्याचे उपायही आहेत. उपाशीपोटी कधी टोचून घेऊ नये. पुष्कळांना वेदनेपेक्षा भीतीने भोवळ येते, कारण रक्ताचा दाब एकाएकी उतरतो. तशा वेळी माणसाला आडवे करून पाय उंच करावेत, भोवती गर्दी करू नये. सुई शिरताना श्वास रोखून धरण्याऐवजी सावकाश बाहेर सोडावा. नंतर स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला बर्फ जागेच्या आसपास थोडा वेळ धरावा. ठणका जास्त असल्यास पॅरासिटामॉलची गोळी चालते, परंतु टोचण्यापूर्वी ॲस्पिरिन घेऊ नये, कारण तिने रक्त अधिक वाहते.

लागलेल्या जागेजवळ चोळले की बरे वाटते, हा आईचा अनुभव १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी एका प्रसिद्ध सिद्धांतात मांडला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक दार आहे. स्पर्शाच्या संवेदना आल्या की ते थोडे मिटते आणि वेदनेला मेंदूकडे जाण्यास वाट अपुरी पडते. अर्थात ताज्या जखमेलाच चोळू नये, पण हात हातात धरावा, पाठ थोपटावी. तान्ह्या मुलासाठी आईचे दूध हा त्या वेळचा सर्वोत्तम उतारा आहे, आणि कित्येक इस्पितळांतून टोचण्याआधी बाळाच्या जिभेवर साखरपाण्याचे थेंब घालतात तेही याच हेतूने. मात्र वर्षाच्या आतील मुलास मध चाटवू नये. त्यातून क्वचित एका घातक जंतूची बीजे पोटात जातात, आणि ती पचविण्याची शक्ती त्या वयात नसते.

जखमेची निगा साधीच आहे. हात साबणाने धुतल्याखेरीज तिला शिवू नये. औषधाच्या दुकानात मिळणारे निर्जंतुक मीठपाणी, म्हणजे लिटरमागे नऊ ग्रॅम मीठ असलेले, दिवसातून एक-दोन वेळा लावून जागा कोरडी टिपावी. भाईंदर हे मिठागरांचे गाव. तेथील मुलीला मिठाचे महत्त्व मी वाईकरणीने सांगावे, ही गंमतच म्हणावयाची! स्पिरिट लावू नये, हळदीचा लेप थापू नये, खपली नखाने काढू नये आणि दागिना उगाच फिरवू नये. पाळीची जखम दीड-दोन महिन्यांत निवते. सपाट जागेच्या जखमेस सहा महिने, कधी वर्षही लागते, आणि तेवढा काळ ती जपण्याची तयारी नसेल तर त्या वाटेस न जाणे बरे. सुई नवी, बंद वेष्टनातून आपल्या डोळ्यांदेखत काढलेली असावी. दूषित सुईतून कावीळ-बी सारखे रोग पसरतात. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. आणि ज्यांच्या अंगावर पूर्वीचे व्रण गाठीसारखे वाढले आहेत त्यांनी हौसेखातर नवा व्रण करून घेऊ नये.

आता ऐकावयाची वेदना. जी दिवसागणिक कमी न होता वाढते. जिच्याबरोबर लाली पसरत जाते, जागा गरम लागते, दाट पिवळा किंवा हिरवट पू येतो. थंडी वाजून ताप भरतो, किंवा जखमेपासून तांबडी रेघ निघालेली दिसते. आणि महिने लोटल्यावरही जी कातडी ताणून चकचकीत करते, ती वेदना सोसण्यासाठी नाही. अशा वेळी घरच्या घरी दागिना ओढून काढण्याचाही मोह टाळावा. तोंड मिटून पू आत कोंडण्याचा संभव असतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि तो केव्हा व कसा काढावयाचा हे त्यांनी ठरवावे.

हे सर्व त्या रात्री मी भाचीला सांगितले असे मात्र नाही. व्याख्यान देण्याची ती वेळ नव्हती. इंद्रलोकात बसले होते म्हणून म्हणा, मला कर्ण आठवला. इंद्राने ब्राह्मणाच्या वेषाने येऊन त्याची कवचकुंडले मागितली आणि कर्णाने ती अंगावरून कापून दिली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. मी तिला त्याआधीची सांगितली. कर्ण आपण ब्राह्मण असल्याचे सांगून परशुरामापाशी अस्त्रविद्या शिकत होता. एके दिवशी गुरू त्याच्या मांडीवर डोके ठेवून निजले असता एक किडा त्याची मांडी पोखरू लागला. गुरूंची झोप मोडू नये म्हणून कर्ण हालला नाही. रक्ताची धार लागली, ते रक्त अंगाला लागून परशुराम जागा झाला, आणि त्याने काय म्हणावे? शाबासकी दिली नाही. ‘एवढे दुःख ब्राह्मणाला सोसवणार नाही, तू कोण आहेस ते खरे सांग,’ असे विचारले, आणि खरे कळल्यावर शाप दिला की, ऐन वेळी तुला ब्रह्मास्त्र आठवणार नाही.

“आपण या गोष्टीत नेहमी कर्णाचे सोसणे वाखाणतो,” मी म्हणाले. “पण मला वाटते, त्याने त्या वेळी नुसते ‘गुरुजी, चावले’ एवढे म्हटले असते तर काय बिघडते? झोप मोडली असती, दुसरे काही नाही. न बोलण्याची किंमत मात्र त्याने शेवटच्या लढाईत दिली.” आणि मग मी माझ्या उजव्या कानावरचे केस मागे केले आणि तिचे बोट त्या आक्रसलेल्या कडेला लावले. आजीच्या भोकांना मी लावीत असे तसेच.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “दुखतं, आत्या. फार दुखतं. रात्री झोपच येत नाही. पण आता सांगितलं तर बाबा म्हणतील, बघ, मी म्हणालो होतो.”

या वाक्यापुढे मला थांबावे लागले. कारण तो तसे म्हणणार होता, हे खरेच होते. आपण सर्वच म्हणतो. माझ्या आईनेही म्हटले होते. ‘मी म्हणालो होतो’ हे शब्द बरोबर असतात, परंतु ते ऐकावे लागतील या भयाने घरोघरी किती दुखणी लपत असतील, याचा हिशेब कोण ठेवणार? मुलाने आपल्या मताविरुद्ध काही केले आणि त्यात त्याला इजा झाली, तर त्याच्या चुकीचा निवाडा जखम भरेपर्यंत तहकूब ठेवता येतो. एवढी सबुरी वडीलधाऱ्यांकडून मागितली, तर ती फार नाही.

सकाळी मी भावाला फक्त एवढे सांगितले की, पोरीला दुखत आहे, ती स्वतः सांगेल तेव्हा तू काही बोलू नकोस. तो चहाचा पेला हातात धरून तसाच बसला. ती बाहेर आली, म्हणाली, “बाबा, मान दुखते.” आणि त्याने, देवाच्या दयेने, “चल, डॉक्टरांकडे जाऊ,” एवढेच उत्तर दिले. चर्मरोगाच्या डॉक्टरीणबाईंनी जागा बधिर करून मणी सोडविले, दांडी सरकवून काढली, मलमपट्टी केली, गोळ्या दिल्या. सारे वीस मिनिटांत झाले. आठ दिवस अधिक थांबली असती तर कातडी फाटलीच असती, असे त्या म्हणाल्या. बधिर करण्याची सुई टोचताना तिने वडिलांचा हात इतका घट्ट दाबला की, त्यांच्या बोटात अंगठीचा वळ उठला. “लागले का, बाबा?” तिने विचारले. भाऊ म्हणाला, “हो, लागले.” ती हसली.

परवा वहिनीचा फोन आला होता. मानेवर दोन ठिपके आणि त्यांमध्ये एक फिकी रेघ, एवढे उरले आहे, तेही हळूहळू पुसट होईल. मुलगी आता म्हणते, नाक टोचून घेईन, आजेसासूबाईंची नथ घरात पडून आहे. मी विचारले, “मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? म्हटले, मान अगोदर पुरती बरी होऊ दे,” वहिनी म्हणाली. “आणि या खेपेस मी बरोबर येते.”